उपचार मुलावर, भार आईवर

मूल तोतरे बोलू लागले की घरात पहिला शोध सुरू होतो तो ‘हे कुणामुळे झाले’ याचा. तो फार लांब जात नाही. तू त्याच्यावर सारखी ओरडतेस, तू नोकरीला गेलीस, तू त्याच्या हातात मोबाईल दिलास, तू त्याचा डावखुरा हात बळेच बदललास, दिवस असताना सांगितलेले पाळले नाहीस. बोलणारे बदलतात, पण बोट आईकडेच वळते. मग वेखंड उगाळून जिभेला लावणे, अक्कलकाढा चाटवणे, पोपटाने टोचलेला पेरू मिळवणे, जिभेखालचा पडदा कापून घ्यावा का म्हणून डॉक्टरांना विचारणे, हेही तिच्याच वाट्याला येते. उपाय लागू पडला नाही, तर तो तिनेच मनापासून केला नाही असे ठरते.

या आयांच्या मनाचे काय होते, हे आपण क्वचितच विचारतो. विचारलेच तर ते मुलासाठी असते. आई शांत राहिली तर मूल लवकर सुधारेल, म्हणून तिने शांत राहावे. या सल्ल्यात थोडे तथ्य आहे आणि बराच अन्यायही आहे. आईला दोषातून मोकळे करायचे म्हणून उपचारातली तिची भूमिका नाकारावी का? आणि भूमिका मान्य केली, तर तिच्यावर पडणाऱ्या भाराचे काय करायचे? या प्रश्नांना घाईने उत्तर देणे कुणालाच परवडणारे नाही.

आधी वस्तुस्थिती. साधारण ५ टक्के मुले लहानपणी केव्हा ना केव्हा तोतरे बोलतात आणि बहुतेकांची सुरुवात दोन ते पाच या वयात होते. मेलबर्नमध्ये तान्ह्या वयापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या अभ्यासात चार वर्षे वयापर्यंत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास निघाले. तोतरे बोलू लागलेल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुले पुढे मोकळी बोलू लागतात आणि प्रौढांमध्ये शंभरात एखादाच उरतो. सुरुवातीला मुलगे आणि मुली यांच्या प्रमाणात फार अंतर नसते. पण मुली अधिक संख्येने यातून बाहेर पडतात, म्हणून मोठेपणी एका स्त्रीमागे चार पुरुष तोतरे बोलताना दिसतात.

आकडे दिलासा देणारे आहेत. पण ते अनेक मुलांचे आहेत आणि आईसमोर एकच मूल आहे. ते मूल बाहेर पडणाऱ्या तिघांतले की राहणाऱ्या एकातले, हे कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. त्यातून हा त्रास चढउताराचा. आठवडाभर मूल स्वच्छ बोलते, आईच्या जिवात जीव येतो, ती नवऱ्याला फोन करून सांगते, आणि दोन दिवसांनी पुन्हा पहिले अक्षर अडते, तोंड उघडे राहते, डोळे मिटले जातात, आवाज फुटत नाही. जे कायमचे आहे त्याची सवय करून घेता येते. जे जाते आणि परत येते, त्याची सवय होत नाही. आशा आणि धास्ती यांची ही ये-जा महिनोन्‌महिने सोसणे हाच आईच्या थकव्याचा मोठा भाग आहे.

आईला दोष देण्याची ही रीत फक्त आपल्या घरांतली नाही. तिला एके काळी शास्त्राचाही आधार होता. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन हे स्वतः तोतरे बोलत. लहान मुलांचे स्वाभाविक अडखळणे पालक दोष म्हणून हेरतात, त्याने मूल धास्तावते आणि त्यातून तोतरेपणा तयार होतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचा मोठा पगडा होता. सिद्धान्तात शब्द ‘पालक’ असला, तरी दिवसभर मुलाजवळ असे ती आई. त्याच काळात आत्ममग्नतेसाठी आणि स्किझोफ्रेनियासाठीही आयांकडेच बोट दाखवले जात होते. पुढे ते सिद्धान्त टाकून दिले गेले, पण त्यांखाली एक पिढी भरडली गेली होती.

१९३९ मध्ये जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डॅव्हेनपोर्टच्या अनाथाश्रमातील २२ मुलांवर एक प्रयोग केला. त्यांतल्या काहींना, चांगले बोलत असूनही, तुमचे बोलणे बिघडलेले आहे असे वारंवार सांगितले गेले. हा प्रयोग पुढे ‘मॉन्स्टर स्टडी’ या नावाने कुप्रसिद्ध झाला. २००१ मध्ये विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने त्या मुलांपैकी काहींसाठी नुकसानभरपाई दिली. त्या नोंदी नंतर पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा धडधाकट बोलणारी मुले तोतरी झाल्याचा पुरावा सापडला नाही. मात्र काही मुले गप्प झाली, बोलायला लाजू लागली, स्वतःच्या आवाजालाच बिचकू लागली.

हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. आजूबाजूच्या माणसांच्या बोलण्याने तोतरेपणा निर्माण होत नाही. पण मुलाला त्याच्या बोलण्याविषयी काय वाटावे, हे त्या माणसांच्या बोलण्यावर बरेच अवलंबून असते. पहिल्या वाक्याने आई दोषमुक्त होते. दुसऱ्याने तिच्यासकट घरातले, शाळेतले, शेजारचे सगळे जबाबदार होतात. आपण नेमकी अदलाबदल केली आहे. निर्माण करण्याचा दोष आईला दिला आणि वागण्याची जबाबदारी बाकी सगळ्यांवरून काढून घेतली.

आजचे संशोधन कारण म्हणून आनुवंशिकतेकडे आणि मेंदूतील बोलण्याशी निगडित जोडण्यांच्या घडणीकडे पाहते. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून सुरुवात करून तोतरेपणाशी संबंधित तीन जनुके दाखवली. सगळ्याच मुलांचे स्पष्टीकरण त्या तीन जनुकांतून मिळत नाही, तरी दिशा स्पष्ट आहे. पण या ज्ञानाने आईची सुटका आपोआप होईल, असे मानू नये. जनुके म्हटली की आपल्या घरांत पुढचा प्रश्न येतो तो ‘कुणाच्या घराण्यातून?’ आणि उत्तर पुष्कळदा माहेरकडे ढकलले जाते. म्हणून कारण समजावून सांगताना ते फक्त आईला सांगून भागत नाही. नवरा, सासू, सासरे समोर बसलेले असताना सांगावे लागते. एखाद्या स्पीच थेरपिस्टने पहिल्या भेटीत सगळ्यांदेखत ‘हे आईमुळे झालेले नाही’ एवढे म्हटले, तर त्या घरातले पुढचे कित्येक महिने बदलू शकतात.

आता ज्या प्रश्नांवर खरोखर दोन मते आहेत, त्यांकडे वळू. पहिला प्रश्न थांबायचे की लगेच उपचार सुरू करायचे हा. ‘मोठा झाला की जाईल’ असे अनेक डॉक्टर सांगतात. त्यामागचा हिशोब चुकीचा नाही. बहुतेक मुलांचे जातेच. उपचार लवकर सुरू केले, तर जे आपोआप जाणार होते त्यासाठीही घर वेठीला धरले जाते. दुसरीकडे, शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात उपचारांना मिळणारा प्रतिसाद नंतर तितका सहज मिळत नाही, आणि थांबण्यात तो काळ निसटू शकतो. मेलबर्नच्या त्याच अभ्यासात सुरुवातीनंतरच्या पहिल्या बारा महिन्यांत मोकळी झालेली मुले थोडीच होती. म्हणजे ‘जाईल’ हे बऱ्याचदा खरे असले, तरी ‘लवकर जाईल’ हे खरे नाही.

आईच्या बाजूने पाहिले तर या वादातला सगळ्यात वाईट पर्याय आहे तारीख नसलेले थांबणे. ‘बघू’ म्हणून परत पाठवलेली आई रोज बघत राहते, प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकत राहते. त्याऐवजी लवकर तपासणी करून घ्यावी आणि उपचारांचा निर्णय ठरलेल्या तारखेवर सोपवावा. घराण्यात मोठेपणीही तोतरेपणा राहिलेले कुणी आहे का, मूल मुलगा आहे की मुलगी, सुरुवात किती उशिरा झाली, किती महिने चालू आहे, हे पाहून तीन महिन्यांनी की लगेच हे ठरवता येते. थांबायला सांगितले, तरी कशासाठी थांबायचे आणि केव्हापर्यंत, हे आईला ठाऊक असावे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. घरच्या उपचाराचे काम आईच्या हाती द्यावे का? सिडनीत विकसित झालेला लिडकोम्ब कार्यक्रम नेमका याच पायावर उभा आहे. थेरपिस्ट मुलावर थेट उपचार न करता पालकाला शिकवतो. पालक रोज ठरावीक वेळ मुलाशी खेळत-बोलत मोकळ्या बोलण्याचे कौतुक करतो, अधूनमधून अडलेल्या शब्दाकडे हळुवार लक्ष वेधतो आणि दिवसाच्या बोलण्याला आकड्यात गुण देतो. न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या कार्यक्रमाचा फायदा दिसला. उपचार घरातच, रोज आणि ओळखीच्या माणसाकडून होतात, ही त्याची ताकद आहे. हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा काही करता येते, याने अनेक आयांना बळही मिळते. ते बळ कमी लेखू नये.

पण याच रचनेत आईला मुलाच्या बोलण्याची परीक्षक व्हावे लागते. मांडीवर बसून गोष्ट ऐकणारे मूल आता तिच्यासाठी आजचा आकडाही असते. पाणी भरणे, डबे, लोकलची वेळ, सासऱ्यांची औषधे यांतून ठरलेली पंधरा मिनिटे निघाली नाहीत, तर अपराधीपण तिचेच. आकडा वाढला, तर पुन्हा तिचेच काही चुकले. पूर्वी आईने रोग लावला असे म्हणत, आता आई उपचारात कमी पडली असे म्हणतील. दोषाने फक्त जागा बदलली.

इथे नेदरलँड्समधील एक मोठी चाचणी उपयोगी पडते. सुमारे २०० मुलांवर लिडकोम्ब आणि दुसरी एक पद्धत अशी तुलना तिथे झाली. दुसऱ्या पद्धतीत मुलाच्या कुवतीच्या मानाने त्याच्यावरची बोलण्याची मागणी हलकी करण्यावर भर असतो. दीड वर्षानंतर दोन्ही गटांतले निकाल जवळजवळ सारखे आले. याचा सरळ अर्थ असा, की एकच पद्धत पाळली नाही तर मुलाचे नुकसान होईल, ही भीती आईला घालण्याचे कारण नाही. घराला झेपेल ती पद्धत निवडण्याची मुभा शास्त्र देते. थेरपिस्टने ती मुभा शब्दांत द्यावी.

आमचे मत असे, की पालकाची भूमिका ठेवावी, पण ती आईपुरती ठेवू नये. वडिलांनी सोयीचे असेल तर सत्राला यावे असे नको, त्यांचे येणे उपचाराचाच भाग असावे. वडील बाहेरगावी असतील तर आजी किंवा मोठी बहीणही रोजचा वेळ देऊ शकते. वडिलांना याची फिकीर नसते, असेही गृहीत धरू नये. बरेचसे संशोधन आयांवर झाले, याचे एक कारण दवाखान्यात त्याच येतात. बापांना कुणी बोलावले नाही, त्यांचेही दडपण नोंदले गेले नाही.

तिसरा प्रश्न, आईची चिंता मुलाला बाधते का? मूल शब्दावर अडते तेव्हा ते समोरचा चेहरा वाचते, हे कुणीही सांगेल. आई श्वास रोखते, ओठ हलवते, शब्द पुरा करून देते. यातून मुलाला कळते की काहीतरी बिनसले आहे. पण तोतरे बोलणाऱ्या मुलांचे पालक मुळातच वेगळ्या स्वभावाचे असतात, असे दाखवण्याचे अनेक दशकांचे प्रयत्न फळाला आले नाहीत. मूल अडू लागल्यावर आई चिंतेत पडते, हा क्रम अधिक साधा आणि अधिक खरा वाटतो. अशा आईला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणे म्हणजे चिंतेवर आणखी एक चिंता ठेवणे. आता तिला चिंता वाटते याचीही चिंता वाटू लागते.

जॉन्सन यांच्या प्रभावातून आलेला एक जुना सल्ला होता की मुलासमोर या विषयाचा उच्चारच करू नका. त्या मौनाने अनेक घरांत मुलगा एका खोलीत आणि आई दुसऱ्या खोलीत एकाच गोष्टीसाठी रडत राहिली. आज अनेक थेरपिस्ट उलट सांगतात. शब्द अडला तर सहजपणे म्हणावे, ‘तो शब्द जरा अवघड गेला ना, होते असे कधी कधी, मी ऐकतेय.’ यात मुलाइतकीच आईचीही सुटका आहे. तिला चेहऱ्यावर खोटी शांतता धरून ठेवावी लागत नाही. आणि चिंता झोप, भूक, काम यांवर उतरली असेल, तर तो तिच्या स्वतःच्या आरोग्याचा प्रश्न आहे. त्यासाठी मदत मागायला मुलाचे निमित्त लागू नये. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.

चौथा प्रश्न मूल मोठे होऊ लागले की येतो. बरे करायचे की स्वीकारायचे? २००८ पासून काम करणाऱ्या इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनसारख्या स्वमदत गटांतील प्रौढ आपला अनुभव सांगतात. तोतरेपणापेक्षा तो लपवण्याची धडपड अधिक जाचक होती आणि घरच्यांच्या सततच्या ‘नीट बोल’ने लाज वाढली, असे त्यांच्यापैकी अनेकांचे म्हणणे असते. ते ऐकले पाहिजे. पण आईचेही म्हणणे ऐकले पाहिजे. तिला तोंडी परीक्षा, मुलाखत, फोनवर नाव सांगणे, लग्नाची बोलणी हे सगळे दिसत असते. जग बदलेल तेव्हा बदलेल, आपल्या मुलाला आज सोपे जावे, ही तिची इच्छा मुलाचा धिक्कार करत नाही.

दहा-बारा वर्षांच्या वयानंतर पूर्ण मोकळे बोलण्याची शक्यता कमी होत जाते. उपचाराचे उद्दिष्ट तेव्हा ‘न अडता बोलणे’ यावरून ‘अडले तरी बोलणे’ याकडे सरकते. हा बदल थेरपिस्टसाठी तांत्रिक असतो, आईसाठी तो एका आशेला निरोप असतो. त्या दुःखाला जागा न देता तिला ‘आता स्वीकारा’ म्हणणे निष्ठुर आहे. अडखळत का होईना, नोकरी-संसार करणारी, भाषण देणारी माणसे तिला भेटली, तर मात्र हा प्रवास सोपा होतो. स्वमदत गटांनी आयांसाठीही दार उघडे ठेवावे. तिथे त्यांना कुणी सुधारायला येऊ नये, फक्त त्यांच्यासारख्या दुसऱ्या आया असाव्यात.

यापलीकडे प्रश्न व्यवस्थेचा आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मोठ्या शहरांत खाजगी थेरपिस्ट आहेत. पण नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आईला एका सत्रासाठी दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोडावे लागते. दूरस्थ उपचारांची चाचणी झाली आहे. वेबकॅमवरून दिलेला लिडकोम्ब प्रत्यक्ष भेटींइतकाच परिणामकारक ठरला. मराठीतून असे उपचार देणे अशक्य नाही. २०१३ मध्ये याच महाराष्ट्रात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. बालविकासातील विलंब लवकर ओळखणे हे त्याचे एक काम आहे आणि भाषेचा विलंब त्याच्या यादीत आहे. अंगणवाडीतल्या तपासणीत तोतरेपणाचीही नोंद घेणे त्याच चौकटीत बसू शकते. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगतेची व्याख्या कायमस्वरूपी, शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांवर बेतलेली आहे. वाढत्या वयातल्या, कमी-जास्त होणाऱ्या तोतरेपणाला त्यात जागा मिळणे कठीण जाते, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून शाळेत सवलत मागताना आई रिकाम्या हातांनी उभी राहते. दर जूनमध्ये नव्या वर्गशिक्षिकेला तीच कहाणी पहिल्यापासून सांगणे हेही तिचेच काम. शाळेने मुलाच्या नोंदीत एकदा लिहून पुढच्या वर्गाकडे पाठवले, मोठ्याने वाचनाचे गुण अडखळण्यावर कापले नाहीत, तर आईची दरवर्षीची एक विनवणी वाचेल.

आमची सूचना खर्चिक नाही. तोतरे बोलणाऱ्या मुलाच्या केसपेपरवर घरच्यांसाठी काही ओळी असाव्यात. आईची झोप कशी आहे, रोजचा वेळ कोण कोण देणार, घरात तिला कुणी दोष देते का, तिला किती चिंता वाटते. लंडनचे मायकल पेलिन सेंटर आपल्या प्रश्नावलीत पालकांची काळजी आणि त्यांचा आत्मविश्वासही मोजते, म्हणजे हे काम करून पाहिलेले आहे. याला एक रास्त आक्षेप आहे. ताणलेल्या आईची नोंद झाली की तीच नोंद उद्या तिच्याविरुद्ध वापरली जाईल, ‘बघा, आईच अशी, म्हणून मूल असे.’ हा धोका खरा आहे. म्हणून या उत्तरांचा उपयोग एकाच गोष्टीसाठी व्हावा: उपचाराचा भार किती आणि कुणाकुणात वाटायचा हे ठरवण्यासाठी. रकाना भरून आईवर शेरा मारायचा असेल, तर तो रकाना नकोच.

आई सुखी असेल तर मूल सुधारेल, हे वाक्य आता बाजूला ठेवू या. मूल सुधारो वा न सुधारो, तिला झोप लागली पाहिजे, घरात मान मिळाला पाहिजे आणि मुलाशी काही न मोजता गप्पा मारायला वेळ उरला पाहिजे. हे तिला उपचाराचे साधन म्हणून देणे लागत नाही. ती स्वतः एक माणूस आहे म्हणून हे तिचे आहे.